मॅचिंगअण्णा अर्धं परत घेत नाहीत

मॅचिंगअण्णांकडे रेकॉर्ड मागितली की ती मिळायची, पण अर्धी. म्हणजे कव्हर तुम्हाला आणि आतली तबकडी दुसऱ्याच कुणाला तरी. तो दुसरा कोण, हे अण्णा ठरवायचे. तुम्ही कव्हर छातीशी धरून दुकानाच्या पायऱ्या उतरत असायचात आणि अण्णा मागून सांगायचे, "मल्लेश्वरमला राहतो तो. स्वल्प अबोल आहे, पण माणूस चांगला. जा, भेट." गाणं ऐकायचं तर त्या अनोळखी माणसाला गाठायचं, दोघांनी मिळून ऐकायचं आणि परत करायलाही दोघांनी मिळूनच यायचं. एकटं कुणी आलं तर अण्णा दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. "अर्धं घेत नाही मी," म्हणायचे, आणि खरोखरच घेत नसत.

या वागण्यामागचं त्यांचं कारणही तयार असे. "एवढं मोठं कव्हर केलंय ते दोघांनी धरायला. एकट्यानंच ऐकायचं असतं तर पोस्टकार्डाएवढं केलं असतं की." पुढे नव्वदच्या दशकात दुकानांतून सीडी दिसायला लागल्या, तेव्हा कुणीतरी कौतुकानं एक त्यांना दाखवायला आणली. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली, चष्मा कपाळावर नेऊन पाहिली आणि परत दिली. "झालं बघ पोस्टकार्ड," एवढंच बोलले.

चिकपेटच्या एका गल्लीत त्यांचं ब्लाउजपिसांचं दुकान होतं. लोक त्याला मॅचिंग सेंटर म्हणत आणि त्यांना मॅचिंगअण्णा. पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव होतं, त्यामुळे त्यांचं स्वतःचं नाव मला फार उशिरा कळलं आणि कळूनही काही उपयोग झाला नाही. घराणं भावसारांचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी बेंगळूरला येऊन मुरलेलं. घरात मराठी, पण तिला कानडीची फोडणी. बाई साडीची पिशवी उघडायच्या आत अण्णांना पदराचा कोपरा दिसला तरी पुरे. ते वळायचे, भिंतभर रचलेल्या गठ्ठ्यांतून एक कापड ओढायचे आणि काउंटरवर टाकायचे. साडीला लावून बघा, असं कधी म्हणायचे नाहीत. लावून बघितलंच कुणी, तर जरा रुसायचे.

मी निपाणीची. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसरची नोकरी मिळाली म्हणून बेंगळूरला आले होते. कॉटनपेटात एका म्हाताऱ्या बाईंच्या माडीवर खोली घेतली होती आणि बरोबर होती बिदरची जयू. ती विमा कंपनीत होती. चुलतबहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या साडीवर ब्लाउजपीस हवं म्हणून आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. अण्णांच्या डोक्यामागे गणपतीचं कॅलेंडर होतं आणि त्याच्या शेजारी, त्याच खिळ्याच्या उंचीवर, एक चित्र. पाण्यात बुडालेलं रेल्वे स्टेशन. फलाटावर बगळे. घड्याळाचा मनोरा, त्याचं पाण्यात उलटं पडलेलं प्रतिबिंब. मधोमध एक होडी आणि होडीत छत्री धरून उभी असलेली बाई. तोंड दिसत नाही, कारण छत्री आडवी. मी बघतच राहिले. माझं पोटच मुळी दुसऱ्याच्या रेघा गिरवण्यावर चाललेलं, त्यामुळे रेघ दिसली की मला पुढचं सुचत नाही.

"पाच मिनिटं झाली की," अण्णा म्हणाले. "साडीसाठी आलीस का चित्रासाठी?"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गाणं आहे," ते म्हणाले. "रविवारी या दोघी. वरच राहतो आम्ही."

ते चित्र म्हणजे एका रेकॉर्डचं कव्हर होतं, आणि त्याची कथा त्यांनी आम्हाला पहिल्याच रविवारी सांगितली. सत्तरच्या दशकात कधीतरी खांद्यापर्यंत केस वाढवलेला एक पोरगेलासा गृहस्थ हे कव्हर आतल्या तबकडीसकट घेऊन दुकानात आला होता. चित्रातल्या आकाशाच्या रंगाचं शर्टाचं कापड त्याला हवं होतं. अण्णांनी निळ्यातला चिंतामणी काढला, आनंदी काढला, मोरपंखी काढला, काउंटर झाकून जाईपर्यंत कापडं काढली. एकही जुळेना. आयुष्यात पहिल्यांदा जुळेना. "ठेवून जा, शोधून ठेवतो," म्हणाले. तो ठेवून गेला आणि परत काही आला नाही. सहा महिने कव्हर काउंटरखाली पडून होतं. मग अण्णांना वाटलं, ज्याच्या पिशवीचा रंग असा, तो आतला माल तरी कसा आहे ते बघू. रविवारच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्लेअर आणला. अण्णा बिघडले ते तेव्हापासून, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. तिला आम्ही रविवारी वर जमणारे सगळे अक्का म्हणायचो.

आतला माल म्हणजे तो परदेशी रॉक. त्यातलाही लांबण लावणारा प्रकार. एका बाजूला एकच गाणं, वीस-वीस मिनिटांचं. मध्येच बासरी, मध्येच चर्चमधल्यासारखा ऑर्गन, आणि आता संपलं म्हणून आपण पाणी प्यायला उठावं तर पुन्हा ढोल सुरू. अण्णांचं इंग्रजी गिऱ्हाइकाला 'नो फिक्स्ड, ओन्ली लास्ट प्राइस' सांगण्यापुरतं. गाण्याचे शब्द त्यांना कळत नसत आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. ते मांडीवर मात्रा मोजत बसायचे. "बघ, रूपकात गेला. आता बघ, येतो का समेवर." तो समेवर आला की अण्णा आजूबाजूला असं बघायचे की जणू त्यांनीच शिकवून पाठवला होता. अक्का आतून म्हणायच्या, "झाला का ह्यांचा ढणढणाट?" पण गंमत अशी की तबकडी कुठली आणि बाजू कुठली हे त्या भाजी चिरता चिरता बिनचूक सांगायच्या.

हळूहळू त्यांच्याकडे तीनशेच्या वर रेकॉर्ड जमल्या होत्या. गाव सोडून जाणारे परदेशी लोक, बंद पडलेली हॉटेलं, वडिलांची अडगळ काढणारी मुलं, असं कुठून कुठून ते उचलून आणायचे. रेशमी साड्या जपायची रीत त्यांना ठाऊक होती, तीच त्यांनी इथे लावली. तबकड्या रिठ्याच्या पाण्यानं धुवायच्या आणि जुन्या मलमलीनं टिपायच्या. कव्हरांना कसर लागू नये म्हणून फडताळात वेखंड. फाटलेल्या कडेला आतून कापडाची पट्टी, पण चित्रावर रंगाचं बोट लावायचं नाही. एकदा मी उत्साहानं म्हटलं, अण्णा, हा उडालेला कोपरा मी रंगवून देते, कळणारसुद्धा नाही. ते म्हणाले, "मला कळेल की." मी ब्रश परत पिशवीत घातला.

आणि रेकॉर्ड परत करायला गेलं की परीक्षा. दोघं समोर उभे राहिले, अण्णांनी तबकडी कव्हरात सरकवली, की पहिला प्रश्न, "काय दिसलं?" गाणं कसं वाटलं, हे विचारायचे नाहीत. कव्हरावर अण्णांना आजवर न दिसलेलं असं काहीतरी तुम्ही सांगायचं. सांगितलंत, तर पुढची रेकॉर्ड मिळणार. नाही तर अक्कांचा चहा पिऊन घरी. रंगाच्या बाबतीत त्यांना हरवणं अशक्य होतं. कव्हरावरचा डोंगर आम्ही तांबडा म्हणायचो, ते म्हणायचे डाळिंबी, आणि सावलीत अंजिरी. पण कुणाला खडकात लपलेला चेहरा दिसला, कुणाला ढगावर ठेवलेली किटली दिसली, की अण्णांचा चेहरा खुलायचा. "हो की. हे नव्हतं बघितलं मी. अगं ए, इकडे ये, किटली आहे इथं." अक्का हात पुसत यायच्या, किटली बघायच्या आणि जायच्या.

वर्षभर असं पारखून घेतल्यावर एका दिवाळीत अण्णांनी भिंतीवरून ते बुडालेलं स्टेशन काढलं. कव्हर माझ्या हातात दिलं, तबकडी जयूच्या. ही त्यांची पहिली रेकॉर्ड, आजवर कुणालाही दिली नव्हती. एका खोलीत राहणाऱ्या दोघींना त्यांनी एरवी कधीच जोडीनं दिलं नसतं. आमच्यासाठी तेवढा नियम वाकवला. "बाई निघाली आहे बघ," चित्रावर बोट ठेवून म्हणाले. "गाडी येत नाही हे तिला कळलं, म्हणून निघाली. नीट सांभाळा तिला." जयूनं जुन्या बाजारातून एक प्लेअर आणला आणि आम्ही आठ दिवस रोज ती रेकॉर्ड ऐकली, कव्हराचं एक टोक तिच्या मांडीवर, एक माझ्या.

नवव्या दिवशी मी माती खाल्ली. जयूला एक स्थळ आलं होतं, गुलबर्ग्याचं. मुलाला ती दोनदा भेटली होती आणि तिला तो मनापासून आवडला होता. जयू ऑफिसात असताना मुलाच्या दोन मावश्या चौकशीला आमच्या खोलीवर आल्या. मुलगी कशी आहे, म्हणाल्या. मला वाटलं, आता मैत्रिणीसाठी जीव ओतून बोलावं. मी म्हटलं, फार गुणी आहे. इतकी एकचित्त की दर रविवारी आम्ही चिकपेटला रॉक ऐकायला जातो तर चाळीस मिनिटं जागची हलत नाही. तिथे पुष्कळ मुलं येतात, पण तिचं लक्ष फक्त गाण्यात. कोण कुठला मुलगा, तबकडी त्याच्याकडे असली तर ती एकटी त्याच्या घरी जाऊन ऐकून येते, अशी धीट. मावश्यांनी चहा संपवला, बशीवर बशी ठेवली आणि निघाल्या. आठवड्यात पत्र आलं, योग दिसत नाही.

"तुझ्या जिभेला हाड नाही," जयू म्हणाली.

"एक अक्षर खोटं बोलले नाही मी."

"खरं बोल, असं कुणी सांगितलं होतं तुला?"

अडचणीत सापडले की मी चढ्या आवाजात बोलते. तशी बोलले. तिच्याही तोंडून नको ते निघालं. रविवारी तिनं ट्रंक भरली, प्लेअर उचलला, तबकडी घेतली आणि येलहंक्याला मामेबहिणीकडे राहायला गेली. माफी मागायला हवी होती ती मी, हे मला जिना उतरणाऱ्या तिच्या पावलांबरोबरच कळलं होतं. पण कळणं आणि करणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच अंतर राहिलं आहे.

महिन्यानं मी एकटीच कव्हर घेऊन दुकानात गेले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे रिकाम्या पायरीकडे बघितलं आणि हात मागे बांधले. मी म्हटलं, अण्णा, तुमची पहिली रेकॉर्ड आहे, ठेवून घ्या. ते म्हणाले, "अर्धं घेत नाही मी." नंतर कळलं, त्याच्या आधल्याच आठवड्यात जयूही तबकडी घेऊन येऊन गेली होती आणि तिलाही हेच ऐकायला मिळालं होतं. काय झालं, म्हणून त्यांनी दोघींनाही विचारलं नाही. भिंतीवर गणपतीशेजारचा खिळा मात्र तसाच रिकामा ठेवला. रविवारी वर जायला मला तोंड राहिलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. कव्हर माझ्या ट्रंकेत साडीच्या घडीत होतं. प्लेअर नाही, तबकडी नाही, म्हणून मी नुसती बघायची. ऑफिसातून आणलेलं भिंग लावून बघायची. वरच्या घड्याळात सव्वापाच आहेत आणि पाण्यातल्या घड्याळात उलटं धरून आरशात बघितलं तरी सव्वापाच होत नाहीत, हे मला दुसऱ्या वर्षी दिसलं. सातव्या बगळ्याला एकच पाय आहे, हे तिसऱ्या. कधीतरी अण्णांना सांगायचं म्हणून मी एका वहीत उतरवून ठेवत होते.

मग एकदा ब्लाउजपिसासाठी त्याच गल्लीत जाणं झालं. अण्णांच्या काउंटरशी एक बाई उभ्या होत्या, साडी आणि कापड दोन्ही हातांत. "अण्णा, हे लागत नाही हो," त्या संकोचून म्हणत होत्या. साडी डाळिंबी होती. अण्णांनी अंजिरी दिलं होतं. त्यांनी ते कापड डोळ्यांजवळ नेलं, दाराच्या उजेडात धरलं, मान वाकडी करून बघितलं आणि बदलून दिलं. दिलं तेही मला वाटतं अक्कांच्या खुणेवरून, कारण अक्का दुकानात बसल्या होत्या. त्या कधी दुकानात बसत नसत. मला बघून त्या बाहेर आल्या. "काचबिंदू," हळूच म्हणाल्या. "कडेचं सगळं गेलंय. मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यागत. तेही वर्षभरात जाणार म्हणतो डॉक्टर." मग म्हणाल्या, "रोज त्या खिळ्याकडं बघतात गं."

मी तशीच घरी गेले, ट्रंक उघडून कव्हर जागेवर आहे ना ते बघितलं आणि येलहंक्याची बस पकडली. वाटभर एक वाक्य घोकत होते. जयूनं दार उघडलं आणि ते वाक्य विसरलं. "माझं चुकलं," एवढंच निघालं. "तेव्हाच चुकलं होतं. अण्णांचे डोळे चाललेत जयू, आणि चित्र माझ्या ट्रंकेत पडलंय." तिनं चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाली, "रोज वाजवते मी ती. कव्हर कसं होतं तेच आठवेना झालंय. आत ये."

रविवारी सकाळी आम्ही दोघी चिकपेटच्या पायऱ्या चढलो. अण्णांनी आधी दोघींचे आवाज ऐकून घेतले. "दोघी?" म्हणाले. "हो," आम्ही म्हटलं. तेव्हा कुठे त्यांचे हात पुढे आले. तबकडी कव्हरात सरकवताना त्यांच्या बोटांना जराही चाचपडावं लागलं नाही. मग उंबऱ्याशी, उजेडात बसले.

"काय दिसलं?"

मी वही उघडली. पाण्यातलं घड्याळ. "जुनं. पुढं बोल." एका पायाचा बगळा. "माहीत आहे." तिकीटखिडकीतली मांजर, तिसऱ्या खांबावरचं घरटं, दोराची गाठ. अण्णांना सगळं पाठ होतं. मला रडू यायला लागलं. तीन वर्षं चित्र माझ्याकडे होतं आणि या माणसाला द्यायला माझ्याजवळ एकही नवी गोष्ट नव्हती.

जयू त्यांच्या खांद्यावरून वाकून चित्र बघत होती. तीन वर्षांनी पहिल्यांदाच बघत होती. "अण्णा," ती म्हणाली, "ही बाई निघाली कुठं? ही येतेय की. पाण्यावरची रेघ बघा. होडीच्या मागं पसरलीय ती बाहेरच्या बाजूला. ही स्टेशनात येतेय."

अण्णांनी कव्हर नाकाशी नेलं, लांब धरलं, तिरकं केलं. त्यांच्या त्या नळीत होडी येत होती, पण रेघ निसटत होती, हे मला दिसत होतं. शेवटी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "तुझी नजर ट्रेसिंगची आणि जिभेला हाड नाही. तू खरं सांग. निघालीय का येतेय?"

मी बघितलं. होडीच्या दोन्ही टोकांना चित्रकारानं दोन-दोन रेघा ओढल्या होत्या, सारख्याच लांबीच्या. त्यावरून काहीही म्हणता आलं नसतं. मी गेली तीन वर्षं ते भिंगातून बघत होते, माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"येतेय, अण्णा," मी म्हटलं.

"वीस वर्षं मी तिला घालवून देत होतो की," अण्णा म्हणाले आणि इतके हसले की अक्का बाहेर आल्या. त्यांनाही होडी दाखवण्यात आली. जयूनं त्या रेघांकडे पुन्हा एकदा नीट बघितलं, मग माझ्याकडे, आणि प्लेअर लावायला उठली. त्यानंतर आमच्यात त्या मावश्यांचा विषय निघाला नाही.

अण्णांची नजर डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा चार महिने जास्त टिकली. त्यानंतरही ते दुकानात बसत, गिऱ्हाईक बाईला साडीचा रंग तोंडी सांगायला लावत आणि गठ्ठ्यांतून अंदाजानं कापड ओढत. पुष्कळदा ते बरोबर निघायचं. नाही निघालं तर बायका गुपचूप तेच घेऊन जायच्या. रविवारी आम्ही वर जमायचो आणि कव्हरं आळीपाळीनं मोठ्यानं वाचून दाखवायचो. कुणी तांबडा म्हटलं की ते लगेच अडवायचे.

अण्णा गेल्यावर अक्कांनी एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. अण्णांनी सांगून ठेवल्याप्रमाणे तीनशे रेकॉर्ड वाटल्या. कव्हर एकाला, तबकडी दुसऱ्याला, एकही अख्खी कुणाला नाही. बुडालेलं स्टेशन आमच्या वाट्याला आलं, या वेळी उलटं. कव्हर जयूला, तबकडी मला. जयू पुढे लग्न होऊन सोलापूरला गेली. मी इथेच, बेंगळूरात, बेळ्ळंदूरला. वर्षातून एकदा ती कव्हर घेऊन येते किंवा मी तबकडी घेऊन जाते. एरवी एखाद्या रविवारी मी इकडे रेकॉर्ड लावते आणि फोन प्लेअरजवळ धरते.

बाजू संपली की मी विचारते, "अजून येतेय का गं?"

जयू कधीच बसल्या जागेवरून उत्तर देत नाही. तिकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज येतो, मग कव्हर बाहेर काढल्याचा.

"येतेय," ती म्हणते.